सर, जरा बघा की

मी शिक्षक नाही. तरी उमरग्यातल्या अर्ध्याअधिक शाळांत मला 'सर' म्हणतात आणि मी कुणाला दुरुस्त करत नाही. दुरुस्त करतो ते फक्त संगणक. तेही पुष्कळदा मी पोचायच्या आतच दुरुस्त झालेले असतात. मी ऑफिसच्या दारात चप्पल काढेपर्यंत दोन दिवस अडून बसलेला प्रिंटर खर्रकन कागद ओढतो, क्लार्क मॅडम "अगंबाई!" म्हणतात आणि हेडसर माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, की आपल्या अंगात काहीतरी आहे असं मलाही वाटायला लागतं. "काय केलं हो सर?" असं कुणी विचारलंच, तर मी नुसता हसतो.

फोनवरची तक्रार आणि प्रत्यक्षातला बिघाड यांचा काही संबंध असेलच असं नाही. "सर, कंप्युटर चालूच होईना झालंय" म्हणजे मॉनिटरचं बटण कुणीतरी बंद केलंय. "सगळा डेटा उडाला" म्हणजे डेस्कटॉपवरची फाइल ओढताना शेजारच्या फोल्डरात पडलीय. "व्हायरस आलाय, कर्सर आपोआप पळलालाय" म्हणजे कीबोर्डच्या एका टोकावर जेवणाचा डबा ठेवलाय. आणि "मी कशालाच हात लावला नाही, आपोआप झालं" असं फोन उचलल्या उचलल्या कुणी सांगितलं, की मी स्क्रू ड्रायव्हर बरोबर घेतो.

एक्सेलनं या तालुक्यातल्या माणसांना जेवढं घाबरवलंय तेवढं इन्कम टॅक्सनंही घाबरवलं नसेल. पगारपत्रकातला रकाना जरा अरुंद झाला की आकड्यांच्या जागी सात-आठ हॅशच्या खुणा उभ्या राहतात. ज्या गुरुजींचा पगार त्या खुणांच्या मागे गेला, ते पाणी मागतात. मी रकान्याची कड माऊसनं जराशी ओढतो, पगार परत येतो. त्या वेळी मला जो मान मिळतो तो वेतन आयोगाच्या अध्यक्षांना तरी मिळाला असेल का, शंका आहे. बारा आकडी आधार क्रमांकाचं तर एक्सेल '४.५७ ई अधिक ११' असं काहीतरी करून टाकतं. एका शाळेनं तशीच यादी छापून वर पाठवली. अख्खा वर्ग, आणि प्रत्येकापुढं ई अधिक अकरा. वरून शेरा आला : 'शाळेस तुकडी ई मंजूर नसताना विद्यार्थी कसे?'

अशा प्रसंगी बिघाड दहा सेकंदांत सापडला, तरी तो दहा सेकंदांत सापडला असं दिसू द्यायचं नसतं. विंडोजमध्ये एक काळी खिडकी उघडता येते. तिच्यात 'ट्री' एवढं टाइप करून एंटर मारलं, की यंत्रातल्या झाडून सगळ्या फोल्डरांची नावं भराभरा वर सरकायला लागतात. त्याचा बिघाडाशी काडीचाही संबंध नसतो. पण स्टाफरूममधली भिशीची चर्चा थांबते. विज्ञानाचे सर चष्मा पुसून जवळ येतात. मी मधेच "हं" म्हणतो, मग जरा वेळानं "अस्सं" म्हणतो. एकदा इंग्रजीच्या सरांनी विचारलं, "ही कुठली लँग्वेज?" मी म्हणालो, "आतली." ते मागे सरकले.

तसं पाहिलं तर मागे सरकणाऱ्या प्रत्येकाकडं एमएस-सीआयटी या संगणक कोर्सचं प्रमाणपत्र असतं, तेही लॅमिनेशन केलेलं. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल स्थापन झालं, हा कोर्स आला, आणि पुढं सरकारनं त्याची गाठ वेतनवाढीशी मारली. मग पन्नाशीतली माणसं शाळा सुटल्यावर क्लासला जायला लागली. पेंटमध्ये घर, नारळाचं झाड आणि दोन डोंगरांमधला सूर्य एवढं सगळ्यांना यायचं. परीक्षा झाली, वेतनवाढ वाचली, आणि माऊस जो खाली ठेवला तो ठेवलाच. यात हसण्यासारखं काही नाही. माझ्याकडं बारावीचं जीवशास्त्राचं प्रमाणपत्र आहे, म्हणून मी कुणाचं अपेंडिक्स काढत नाही.

माऊस खाली न ठेवणारेही असतात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून टाकली. बातमी ऐकून मला आनंद झाला. थोडी जळजळही झाली, ती ॲसिडिटी नव्हती. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची वाट त्यांनी दाखवली. तो कोड उघडत नाही म्हणून फोन कुणाला येतो? हा प्रश्न निवड समितीपुढं कधी मांडलाच गेला नाही.

फाँटचा विषय मी काढणार नव्हतो. पाहुण्यांसमोर फाँट काढायचा नाही, अशी घरात ताकीद आहे. पण तुम्ही काही पाहुणे नाही.

आपण मराठी टाइप करतो तेव्हा हे मराठी आहे हे संगणकाला माहीत असतं, असं लोकांना वाटतं. युनिकोड असेल तर असतं. पण आमच्या शाळांचा अर्धा जन्म कृतिदेव, श्री-लिपी आणि डीव्हीबी-टीटी सुरेख यांच्या सहवासात गेला, आणि या सगळ्या मंडळींनी संगणकाला चक्क थाप मारली होती. संगणकाला वाटायचं, साहेब इंग्रजी लिहितायत. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र उमटायचं. कृतिदेवमधला 'क' आतून इंग्रजी 'डी' असतो, 'म' आतून 'ई', 'र' आतून 'जे'. तो फाँट ज्या संगणकात नाही तिथं फाइल उघडली, की बहुरूप्याची रंगरंगोटी उतरते आणि आतला इंग्रज उघडा पडतो. आपलं उमरगा तिथं एम, ई, जे, एक्स, के असं दिसतं. मेजक्सक! पोलंडमधलं एखादं थंड हवेचं गाव वाटतं. मला या मेजक्सकचा फार लळा आहे. मे महिन्यात दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो की मी मनानं मेजक्सकला जातो. तिथं बर्फ पडत असतो. मेजक्सकला रेल्वे स्टेशन आहे. आमच्या उमरग्याला नाही. मेजक्सकच्या शाळेतले प्रिंटर पहिल्या झटक्यात चालतात आणि तिथं मला कुणी ओळखत नाही. म्हणून मी संध्याकाळी परत येतो.

खरी मजा पुढंच आहे. प्रत्येक कंपनीनं थाप वेगळी मारली. एकाचा 'क' ज्या घरात राहतो, तिथं दुसऱ्याचा रफार राहतो. त्यामुळं एका शाळेत धडधाकट निघालेला अहवाल दुसऱ्या शाळेत पोचेपर्यंत मेलेला असायचा. गॅदरिंगच्या पत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या नावाच्या जागी दोन कंस, एक डॉलरची खूण आणि उलटं प्रश्नचिन्ह छापून आल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. पाहुणे मोठ्या मनाचे होते. पण डॉलरच्या खुणेकडं ते बराच वेळ बघत होते.

आणि हे सगळं टाळायची सोय कधीच झाली होती हो! आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचं तंत्र ऐंशीच्या दशकात तयार झालं, ते पुढं आपल्या पुण्याच्या सीडॅककडं आलं. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक ठरलं. त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. विंडोज २००० पासून तर मंगल फाँट संगणकाच्या पोटातच येऊ लागला. म्हणजे गुरुजी क्लासमध्ये नारळाचं झाड काढत होते, तेव्हा त्याच यंत्रात मराठी गुपचूप येऊन बसली होती. तिला कुणी चहा विचारला नाही. कारण हाताचं काय करणार? इन्स्क्रिप्टचा कळफलक मोठा शहाणा : स्वर डावीकडं, व्यंजनं उजवीकडं, बाराखडी येणाऱ्याला आठवड्यात जमावा. पण ज्यांच्या बोटांत टाइपरायटरचा रेमिंग्टन मुरला आहे, त्यांना तो नव्यानं शिकवणं म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरला महामार्गावर रिव्हर्स घ्यायला सांगणं. एका जुन्या क्लार्कसाहेबांचा डावा हात ओळ संपली की संगणकावरही आपसूक वर जायचा, कॅरेज ढकलायला. तिथं उदबत्तीचं घर ठेवलेलं असायचं. ते दर ओळीला पडायचं. पत्र किती ओळींचं झालं हे शिपाई मामा राखेवरून सांगायचे.

हल्ली सगळे मोबाइलला बोलून लिहायला लावतात. हेडसर घसा साफ करून सांगतात, "प्रति, गटशिक्षणाधिकारी." मोबाइल लिहितो, 'प्रीती गट शिक्षण अधिकारी'. ते पत्र जावक रजिस्टरला नोंदवून झालं होतं. मी वेळेवर पोचलो, म्हणून पंचायत समितीतलं एक घर वाचलं.

मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर ओटीपी.

सरकारी पोर्टलला शाळेचा म्हणून नोंदवलेला मोबाइल नंबर आधीच्या हेडसरांचा असतो. आधीचे हेडसर निवृत्त होऊन मुलाकडं पुण्याला गेलेले असतात. ओटीपी पुण्याला जातो, तेव्हा ते दुपारची झोप काढत असतात. फोन लागला, तर आधी पाऊस कसा आहे, तुरीला काय भाव आहे, अमक्याच्या पोरीचं जमलं का, एवढं झाल्याशिवाय ओटीपीपर्यंत गाडी येत नाही. तोवर त्याची मुदत संपते. दुसरा मागवावा, तर गुरुजी गंभीर आवाजात म्हणतात, "बँकेनं सांगितलंय, ओटीपी कुणालाच सांगायचा नाही." उभी हयात पोरांना शिस्त लावलेला माणूस. त्याला नियम मोडायला लावताना माझाच आवाज चौथीतल्या पोरासारखा होतो.

२०१८ च्या जानेवारीत पगाराची शालार्थ प्रणालीच बंद पडली आणि राज्यभरातल्या शिक्षकांचे पगार कित्येक महिने ऑफलाइन काढावे लागले. तेव्हाही मला फोन आले. "सर, शालार्थ तेवढं चालू करून देता का?" राज्याचा सर्व्हर माझ्या आवाक्यातला नाही, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "बघतो."

हे सगळं मी हसत सांगतो आणि लोक हसतात. पण गेल्या काही वर्षांत मला एका गोष्टीचा राग यायला लागलाय. ज्यांना मी दारातून आत शिरताना अडाणी समजायचो, ती माणसं अडाणी नाहीत, घाबरलेली आहेत. शाळेची आणि मुलांची माहिती भरायची यूडायस आणि सरल ही पोर्टलं, पोषण आहार, शिष्यवृत्ती : रोजची एक शेवटची तारीख. २७२९ नं सुरू होणारा आपल्या शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक ही माणसं झोपेतही सांगतील. चुकीचं बटण दाबलं तर नोटीस आपल्याला येणार, पोर्टलला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग ज्याला आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहायची भीती वाटली नाही, तो माणूस 'सबमिट' या बटणासमोर हात आखडून बसतो. आणि दिवसा साइट उघडत नाही म्हणून रात्री साडेअकराला मला फोन करतो, तेही आधी माफी मागून.

आमचा तालुका कर्नाटकच्या सीमेवरचा. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, आणि माहेर बसवकल्याणला नाहीतर आळंदला असतं. पोराचं आधार तिकडंच निघतं. कार्डावर नाव कानडीत आणि इंग्रजीत. शाळेच्या रजिस्टरात तोच मल्लिनाथ, पण आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'एल' कमी. पोर्टल म्हणतं, जुळत नाही. पोर समोर बसून सातचा पाढा म्हणत असतं. आणि आधार जुळलेली मुलंच शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेत धरायची म्हटल्यावर, अशी चार-सहा पोरं गळाली की शिक्षकाचं एक पद जातं. एका 'एल'पायी एक मास्तर.

असंच एकदा निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींबरोबर बसलो होतो. त्यांचं अक्षर असं, की रजिस्टरचं पान उलटायला जीव होत नाही. टाइप मात्र एका बोटानं करायचे, आणि ते बोट प्रत्येक अक्षरावर जरा वेळ थांबायचं. स्क्रीनवर लाल पट्टी आली : 'विद्यार्थी आढळला नाही.' मी काळी खिडकी उघडणार होतो. गुरुजींनी कपाटातून एक जुनं जनरल रजिस्टर काढलं, कडा खाल्लेलं, पाणी लागून फुगलेलं. म्हणाले, "त्र्याण्णवच्या भूकंपात शाळा पडली. मी नवाच लागलो होतो. हे आम्ही ढिगाऱ्यातून काढलं. यातली काही पोरं राहिली नाहीत, नावं तेवढी राहिली. तुमच्या यंत्रात उलटं होवलालंय सर. पोरं हायत, नावं नाहीत."

तीस सप्टेंबरच्या त्या पहाटेबद्दल या भागात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मी खिडकी बंद केली. स्पेलिंग दुरुस्तीचा अर्ज काढून दिला. तो हातानं भरायचा असतो, गुरुजींनीच भरला.

मी या शाळांत कसा आलो ते सांगायचं राहिलं. केंद्राच्या आयसीटी योजनेत राज्यातल्या हजारो शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. तत्त्व असं : बांधा, वापरा, हस्तांतरित करा. मी त्यातला कंत्राटी निदेशक. पाच वर्षांचा करार संपला, संगणक शाळेच्या नावावर हस्तांतरित झाले, मी झालो नाही. आमच्या गावावरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गाचं चौपदरीकरणही जवळपास याच तत्त्वावर. फरक इतकाच, की रस्त्याला तलमोडच्या नाक्यावर टोल मिळतो आणि मला चहा. माझ्यासारखे राज्यभर हजारोंनी होते. कुणी मोबाइलचं दुकान टाकलं, कुणी शेती बघतो. 'सर' ही पदवी मात्र कुणी काढून घेतली नाही. ती कदाचित हस्तांतरणाच्या यादीत लिहायची राहिली असावी.

त्या काळातलं मला एक पोरगं आठवतं. संगणक नुसताच पीं-पीं करत होता. अशा वेळी रॅम काढून तिची सोनेरी कड खोडरबरानं घासायची, हा इलाज अख्ख्या देशात चालतो, आणि शाळेत खोडरबराला तोटा नसतो. त्या पोरानं आपलं रबर दिलं आणि ते परत मिळेपर्यंत शेजारीच उभं राहिलं. मी सांगितलं, ही संगणकाची स्मरणशक्ती. ते घासणं बघत राहिलं, मग म्हणालं, "सर, मग समदं पुसून जाणार नाही का?" खरं उत्तर असं, की वीज गेली तेव्हाच तिच्यातलं समदं पुसून गेलेलं असतं, आणि वीज आमच्याकडं जातेच. पण एवढा चांगला प्रश्न मला एकाही स्टाफरूमनं विचारलेला नाही. काळ्या खिडकीला ते पोर फसलं नसतं.

आता त्या कक्षांना कुलूप असतं. दहापैकी चालू असलेले एक-दोन संगणक ऑफिसात आणून ठेवलेत. मुलांसाठी आलेल्या यंत्रांवर मुलांची माहिती भरली जाते आणि मुलं खिडकीतून बघतात. बाकीचे आत धूळ खात पडलेत. ते मेलेले नाहीत, मी त्यांना ओळखतो. त्यातले निम्मे तरी खोडरबरानं उठतील; उरलेल्यांच्या अवयवांतून आणखी एखादा उभा राहील. लायनक्स फुकट मिळतं.

तेव्हा तालुक्यातल्या समस्त हेडसरांना आणि हेडमॅडमना नम्र विनंती : शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी यायला तयार आहे. मजुरी नको. पाचवी-सहावीतली चार पोरं थांबवून ठेवा आणि त्यांना रबर आणायला सांगा. फक्त कक्षाची किल्ली कुणाकडं आहे ते आधी शोधून ठेवा. मागच्या वेळी ती बदली झालेल्या सरांबरोबर तुळजापूरला गेली होती.